नोमानचा फोल्डर

हे वाचून काही जण म्हणतील, उन्हाचा त्रास झाला असेल. म्हणा. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण त्या दिवशी मी पोटभर जेवलेलो होतो, पूर्ण शुद्धीत होतो आणि बाहेर लख्ख दुपार होती.

भुतं फक्त रात्रीच येतात असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

घटना खरी आहे. बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत. फक्त एक नाव बदललेलं नाही. त्या नावाचं मी आधीच इतकं नुकसान केलंय की आता ते लपवायचीही लाज वाटते.

गेल्या मे महिन्यातला शुक्रवार. ठिकाण, चिकलठाणा एमआयडीसीतलं एक वर्कशॉप.

मी ऋतुराज. छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, कॅमेरे सांभाळतो. सगळं नीट चालू असताना ज्याची कुणाला आठवण येत नाही आणि बंद पडलं की ज्याला शिव्या देत फोन करतात, तो माणूस मी.

त्या वर्कशॉपचे मालक गोकुळभाऊ. पुण्याची एक कंपनी ड्रॉइंग पाठवते आणि हे त्यावरून पत्रा दाबायचे साचे बनवतात. तर त्या कंपनीचं एक ड्रॉइंग बाहेर गेलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी कारखान्यात सापडलं.

पुण्यावाल्यांनी दोन गोष्टी मागितल्या. फाइली पाठवायला नवा, सुरक्षित सर्व्हर. आणि एका पानाचा रिपोर्ट, की ड्रॉइंग बाहेर गेलं कसं. नाहीतर काम बंद.

सर्व्हर मी बसवणार होतो. रिपोर्टही मीच लिहिणार होतो.

आधी नोमानबद्दल सांगतो.

नोमान तिथला डिझायनर. पुण्याहून आलेली फाइल उतरवून घ्यायची, तपासायची आणि ज्या मशीनची असेल तिथं पोचवायची, हे त्याचं काम. त्याच्या हातून फाइल चुकीच्या जागी गेली असं कधी झालं नाही. उचलली की तो फोल्डर रिकामा करून ठेवायचा. म्हणायचा, "ताट उचललं की जागा पुसायची, भाई." आणि खाली सही नसलेलं ड्रॉइंग तो उचलतच नसे. राहू द्यायचा जिथल्या तिथं. कुणी कितीही घाई करो.

आणखी एक सवय होती. दार सताड उघडं असलं तरी तो विचारल्याशिवाय आत येत नसे. बोटातल्या अंगठीनं चौकटीवर दोनदा वाजवायचा.

टक... टक.

"आऊँ क्या भाई?"

मी त्याच्याच केबिनमध्ये काम करत बसलेलो असलो तरी हेच. मी चिडवायचो, "अरे, केबिन तुझी आहे." तो म्हणायचा, "हौ, पन अंदर तुम बैठे ना."

जुन्या सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं होतं. पण पासवर्ड कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. नोमानचा मात्र सगळ्यांना पाठ. त्याच्या मुलीचं नाव, मुबश्शिरा. कुणी अडलं की तो म्हणायचा, "मेरा डालो ना. उसमें क्या है." हळूहळू सगळेच त्याच्या नावानं आत शिरायला लागले. गोकुळभाऊ, त्यांचा पुतण्या आकाश, अकाउंटवाली श्रेया, मशीनवरची पोरं. मीसुद्धा. दिवसभर सगळं ऑफिस त्याच्या पोरीचं नाव टाइप करत असायचं.

म्हणजे करणारा कुणीही असो, सर्व्हरच्या हिशेबी ते नोमाननंच केलेलं असायचं.

फेब्रुवारीत नोमान गेला. सकाळी छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

मी जनाज्याला गेलो होतो. त्याचा मोठा भाऊ शफीक सगळ्यांपुढं उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मेरे भाई ने किसी का दिल दुखाया होंगा तो माफ कर दो. कहा-सुना माफ करो." त्यांच्यात हा रिवाज आहे. जमलेले लोक म्हणतात, माफ किया. म्हणजे गेलेला माणूस हलका होऊन जातो.

मीही म्हणालो, माफ किया.

मनात म्हटलं, या माणसाला माफ करावं असं माझ्याकडे आहे तरी काय?

नोमानची बायको वहिदाभाभी. तिनं लग्नाआधी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला होता. गोकुळभाऊंनी कबरस्तानाच्या फाटकाशी शफीकला शब्द दिला, की जूनपासून वहिदा आमच्याकडं, नोमानच्या खुर्चीवर. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा मला गोकुळभाऊंचा अभिमान वाटला होता.

आता त्या शुक्रवारकडे येतो.

या वर्कशॉपला शुक्रवारी सुट्टी असते. मशीनी बंद. आत मी एकटा, आणि फाटकावर कडूबा नावाचा नवा वॉचमन. त्याला लागून पंधरवडाही झाला नव्हता. नोमानला त्यानं पाहिलेलंच नव्हतं.

मी नोमानच्या केबिनमध्ये सर्व्हरचं नवं मशीन मांडून बसलो होतो. तेवढ्यात गोकुळभाऊंचा फोन आला.

"ऋतुराज, रिपोर्टमधी लिहून टाक. नोमानच्या लॉगिनवरून गेलं म्हणून."

"भाऊ, त्याचं लॉगिन तर सगळेच वापरत होते. तुम्ही, मी, आकाश..."

"ते लिहायचं नाय. तेवढी एकच ओळ लिही. खोटी हाय का ती?"

खोटी नव्हती. ड्रॉइंग नोमानच्या लॉगिनवरूनच गेलं होतं, तो जिवंत असताना. कुणी नेलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. आकाशवर माझा संशय होता. पण संशयच.

"हे बघ," भाऊ म्हणाले, "मेलेल्या माणसाची काय नोकरी जायलीय का? इथं वीस घरं चालतेत या कामावर."

"आणि वहिदाभाभी?"



"पुण्यावाल्यांनी ते नाव वाचल्यावर तिला त्याच खुर्चीवर कसं बसवू? तूच सांग."

फोन ठेवला आणि ओळ लिहिली. खाली सही केली.

कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. भाऊंनी धमकीसुद्धा दिली नव्हती. दिली असती तर आज सांगायला तरी बरं पडलं असतं. मला फक्त वाईटपणा नको होता, एवढंच.

मग मी कामाला लागलो.

सर्व्हर म्हणजे काय, तर एक इमारत समजा. प्रत्येकाला त्यात आपापली खोली. आपल्या खोलीत फाइल ठेवायची, आपल्या खोलीतून न्यायची. शेजारच्या खोलीत काय आहे ते दिसतसुद्धा नाही. आणि या वेळी पासवर्ड ही भानगडच बंद. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्याची स्वतःची चावी. ती चावी नसेल तर नाव सांगून, पोरीचं नाव टाइप करून आत येता येणार नाही.

मी पाच खोल्या केल्या. गोकुळभाऊ, आकाश, श्रेया, मशीनवाले आणि पुणे.

नोमानची केली नाही. करायचं कारणच नव्हतं.

सगळं नीट झालंय का ते बघायला यादी काढली...

सहा फोल्डर होते.

सहावा नोमान.

मी स्वतःशीच हसलो. जुन्या सर्व्हरवरून काहीतरी कॉपी करताना आला असेल. पण एक गोष्ट खटकली. फोल्डर कुणाचा आहे, ते त्याच्यापुढं लिहून येतं. बाकीच्यांपुढं नावं होती. याच्यापुढं नुसता आकडा. ज्याचं खातंच नाही अशा माणसाची वस्तू असली की नाव येत नाही, आकडा येतो. यात भूत वगैरे काही नाही. हे असंच असतं.

मी तो फोल्डर उडवला.

आणि त्याच वेळी...

टक... टक.

दारावर.

कडूबा असेल म्हणून मी म्हणालो, "ये." कुणी आलं नाही. उठून दार उघडलं. बाहेर रिकामं वर्कशॉप, झाकलेल्या मशीनी. फाटकापर्यंत गेलो. कडूबा लिंबाखाली खाट टाकून बसला होता.

"दार वाजवलं का रे?"

"नाय साहेब. म्या तर हितंच हाय." तो माझ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं तुम्हीच वाजवायलेत. आवाज आतून आला की."

मी परत आलो.

यादीत पुन्हा सहा फोल्डर होते.

या वेळी मी उडवला नाही. सरळ सर्व्हरची नोंद उघडली. कोण आत आलं, कोण यायला बघत होतं, सगळं तिथं ओळीनं दिसतं.

दोन ओळी होत्या.

नोमान. असं खातं नाही. प्रवेश नाकारला.

नोमान. असं खातं नाही. प्रवेश नाकारला.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून काही वाटणार नाही. इंटरनेटवरच्या सर्व्हरची दारं कुणी ना कुणी ढकलतच असतं, हजार नावं लावून बघतात. पण अशा वेळी बाहेरचा पत्ता दिसतो. कुठून कोण ढकलतंय ते कळतं.

इथं पत्ता त्याच मशीनचा होता.

मी नेटवर्कची वायर उपटून काढली. आता त्या मशीनचा जगाशी काही संबंध नव्हता. बघत बसलो.

दूर कुठंतरी जुम्म्याची अजान झाली. सुट्टीच्या शुक्रवारी कामाला आला तरी नोमान या वेळी डबा अर्धा टाकून नमाजाला निघायचा. छतावरचा पंखा फिरत होता, पण त्याचा घरघर आवाज येईनासा झाला होता. मशीनचाही येत नव्हता. माझ्या खुर्चीचासुद्धा नाही.

आणि त्या शांततेत...

टक... टक.

स्क्रीनवर आणखी दोन ओळी आल्या.

नोमान. प्रवेश नाकारला. नोमान. प्रवेश नाकारला.

घाई नाही, जबरदस्ती नाही. फक्त दोनदा, आणि मग थांबणं. आतल्यानं 'ये' म्हणेपर्यंत उभं राहणं.

घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. टेबलावर त्याच्या नावाचा रिपोर्ट पडला होता आणि तो दाराशी उभा होता. चोरी करताना घरमालक आल्यावर जसं होतं, तसं मला झालं.

'ये' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही.

वाटलं, पटकन काम संपवावं आणि निघावं. वायर परत जोडली. नव्या सर्व्हरवर पहिली फाइल चाचणीची टाकतात, पोचते की नाही बघायला. मी रिपोर्टच स्कॅन करून टाकला. एका दगडात दोन पक्षी. पुण्याच्या खोलीत.

फाइल गेली. सर्व्हर म्हणाला, पोचली.

पुण्याची खोली उघडली...

रिकामी.

भाऊंची बघितली. रिकामी. आकाशची, श्रेयाची, मशीनवाल्यांची. रिकामी.

मग सहावी उघडली.

रिपोर्ट तिथं होता.

त्याच्याबद्दल मी लिहिलेलं, मीच नेऊन त्याच्या हातात दिलं होतं.

मी खुर्चीवर मागं सरकून बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी माझी सुटका होत होती. रिपोर्ट पुण्याला गेलेला नव्हता. ती ओळ काढता आली असती. 'हे लॉगिन आम्ही सगळे वापरत होतो' एवढं एक वाक्य लिहिता आलं असतं. गोकुळभाऊ चिडले असते. पुण्यावाले बोलले असते. बस.

मी नुसता बघत बसलो.

किती वेळ, ते माहीत नाही. एका माणसाला एक पान वाचायला लागतो, तेवढा असेल.

मग माझ्या डोळ्यांदेखत ती खोली रिकामी झाली.

उचलली फाइल. जागा पुसली.

मी पुन्हा पुण्याची खोली उघडली.

रिपोर्ट तिथं होता. जसाच्या तसा. माझ्या सहीसकट.

मला रडू आलं. लपवत नाही. त्यानं ते फाडलं असतं, खोडलं असतं, मशीन जाळलं असतं, तर मी घाबरून पळालो असतो आणि आज ही एक साधी भुताची गोष्ट झाली असती. त्यानं स्वतःवरचा आरोप वाचला आणि जिथं पोचवायचा होता तिथं पोचवला. त्याचं कामच होतं ते.

तरी अजून उशीर झाला नव्हता. पुण्यावाल्यांनी फाइल उतरवून घेतली नव्हती.

मी फोन उचलला.

पुण्याचा नंबर लावला आणि म्हणालो, "सर्व्हर सुरू झालाय. रिपोर्ट ठेवलाय. बघून घ्या."

त्यानंतर दार वाजलं नाही. नोंदीतही नवी ओळ आली नाही. पंख्याची घरघर परत ऐकू यायला लागली. मी संध्याकाळ होईपर्यंत तिथंच बसून होतो, तो पुन्हा वाजवेल म्हणून. या वेळी 'ये' म्हणायचं ठरवलं होतं.

तो आला नाही.

पुण्याचं काम सुरू राहिलं. गोकुळभाऊंनी वहिदाभाभीला फोन करून सांगितलं, की सध्या जागा नाही, पुढं बघू. खरं कारण सांगितलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा की काय, मला कळत नाही.

जूनमध्ये ती मला औरंगपुऱ्यात भेटली. पुस्तकांच्या दुकानात. शाळा सुरू होणार म्हणून गर्दी होती. मी निसटायला बघत होतो, पण तिनंच हाक मारली.

"ऋतुराजभाई, बरं झालं भेटले. तुम्हाला एक सांगायचं होतं."



"मागच्या महिन्यात एकदा जुम्म्याला दुपारी माझा डोळा लागला. गोकुळभाऊंचा फोन येणार होता ना, त्याची वाट बघत होते. तर हे सपनात आले. दारातच उभे. मी म्हटलं, अंदर आओ ना. तर म्हणले, नक्को, काम हो गया." ती थोडी हसली. "मग म्हणले, ऋतुराजभाईको बोल, कहा-सुना माफ."

माझ्या हातात भाच्यासाठी घेतलेल्या वह्या होत्या. त्या मी उगाच सरळ करत राहिलो.

"मी विचारलं, कायका माफ? तेवढ्यात जाग आली. भाई, तुमच्या दोघांत काही झालं होतं का?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात...

टक... टक.

दचकून वळलो. दुकानाच्या उंबऱ्याबाहेर सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. हातातल्या कंपासपेटीनं तिनं चौकटीवर वाजवलं होतं. एवढ्या गर्दीच्या दुकानात, जिथं माणसं एकमेकांना ढकलत आत शिरत होती, तिथं ती कुणीतरी 'ये' म्हणायची वाट बघत थांबली होती.

"मुबश्शिरा," वहिदाभाभी म्हणाली. "बापावर गेलीय. दुकानातसुद्धा विचारून येते."

ते नाव मी रोज टाइप करायचो. तिला पाहिलं मात्र पहिल्यांदाच.

मी म्हणालो, "ये, बेटा."

आणि मग तिच्या आईला म्हणालो, "नाही भाभी. आमच्यात काहीच झालं नव्हतं."

एवढंच घडलं. याचा अर्थ काय, ते मला विचारू नका.

सर्व्हर अजून चालू आहे. सहावा फोल्डर मी तसाच ठेवलाय. दर शुक्रवारी दुपारी काहीतरी निमित्त काढून नोंद उघडतो. नोमानच्या नावाची ओळ येत नाही. वाटतं, त्यानं यावं, भांडावं, निदान एक शिवी द्यावी. पण ज्यानं माफ करून टाकलं, तो परत कशाला येईल?

दिवाळीच्या सुमारास मी घरी बसून पुण्याच्या कंपनीला एक पत्र लिहिलं. ते लॉगिन आम्ही सगळे वापरत होतो, नोमानवर ठपका ठेवणं ही चूक होती, असं सगळं. लिहिलं आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवून दिलं. पाठवायचं धाडस होत नव्हतं. त्या लॅपटॉपवरून मी कधी त्या सर्व्हरला हातसुद्धा लावलेला नाही.

गेल्या शुक्रवारी नेहमीसारखी यादी काढली.

नोमानचा फोल्डर रिकामा नव्हता.

त्यात ते पत्र होतं.

आठवडा झाला. रोज बघतोय. ते अजून तिथंच आहे. त्यानं उचललेलं नाही.

उचलणार नाही तो. खाली माझी सही नाही.